पाच पायांची मगर

"तिया, मगरीला पाय किती असतात?" ओदेतने मगरीची नक्षी विणलेली शाल टेबलावर पसरत विचारलं.

बाल्बिनाने शालीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "माझ्या मगरीला पाच," ती म्हणाली आणि कॉफीचा घोट घेतला.

ओदेत परराष्ट्र खात्यात पाहुण्यांच्या स्वागताचं बघायची. बाहेरचा पाहुणा तिमोरच्या भूमीवर उतरला की त्याच्या गळ्यात हातमागाची शाल घालायची, ही तिथली रीत. आसियान या शेजारी देशांच्या गटातून येणाऱ्यांसाठी त्या शाली विणायचं काम बरीच वर्षं बाल्बिनाकडे होतं. राजधानी दिलीच्या विणकर बाजारात लहानथोर सगळे तिला तिया, म्हणजे मावशीच, म्हणत. देश तेव्हापासून त्या गटाच्या उंबऱ्यावर ताटकळत होता. साहेबलोक यायचे, बंदर बघायचे, हिशेब तपासायचे आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे खाऊनपिऊन 'कळवतो' म्हणून जायचे. आता एकदाचा होकार आला होता. सगळ्या देशांचे मंत्री सोहळ्यासाठी दिलीत उतरणार होते.

आणि नेमकं आत्ताच वरच्या कुणीतरी मगरीचे पाय मोजले होते. ओदेतने समजुतीच्या सुरात सांगितलं, की आजवर चाललं ते चाललं, पण या वेळी साऱ्या जगाचे कॅमेरे असणार. मगरीला आपण आजोबा म्हणतो, हा देशच तिच्या पाठीवर वसलाय म्हणतो, आणि आपल्या आजोबांचे पाय आपल्याला मोजता येत नाहीत म्हणून लोक हसतील. चार पाय विणायचे, नाहीतर काम दुसरीकडे जाणार. बाल्बिनाच्या छपराखाली आणखी काही विधवा बायका विणायला बसत. त्यांची चूलही याच कामावर पेटायची, हे ओदेतला बोलून दाखवावं लागलं नाही.

बाल्बिनाने कप खाली ठेवला. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते ती सांगायला लागली.

तिचा मुलगा झेलितो तेव्हा सहा वर्षांचा होता. माग लावलेला टाकून ती पाणी आणायला गेली, तेवढ्यात पोराने कमरेला मागाचा पट्टा बांधला, पाय ताणून बसला आणि लाल सुताने मगरीला पाचवा पाय काढला. विणणं बायकांचं काम. मागाला पोराचा हात लागला म्हणून आजी झाडू घेऊन त्याच्या मागे धावली.

"मी विचारलं, मेल्या, पाचवा कशाला? तर म्हणतो, एखादा दुखला तर चालणार कशी ती? मग मला काही तो पाय उसवेना."

त्याच वर्षी इंडोनेशियाच्या फौजेने देश सोडून जाता जाता गावं जाळली. पळापळीत एका शिपायाने झेलितोला उचलून ट्रकमध्ये टाकलं. ट्रक सरहद्दीपलीकडे गेला आणि तिथून पोरांना बोटीत बसवून इंडोनेशियात कुठल्याशा बेटावर नेलं, एवढंच कानावर आलं. घर जळालं त्यात त्याचा एकुलता एक फोटोही गेला.

"नाव बदललं असेल, देव बदलला असेल, माझी भाषाही विसरला असेल," बाल्बिना म्हणाली. "पण आपण केलेली खोडी माणूस विसरत नाही गं. कुण्या साहेबाच्या गळ्यातली शाल तिकडे टीव्हीवर दिसेल, पेपरात येईल. दुसरे म्हणतील चुकलंय. तो म्हणेल, माझी आहे."

ओदेतने टेबलावरच्या शालीची घडी घातली. मग म्हणाली, "तिया, एक सांगू? राग नका धरू. पाहुणे शाली हॉटेलातच टाकून जातात. हॉटेलवाले आमच्याकडे आणून देतात. ऑफिसात कपाट भरलंय."

"एकही गेली नाही?"

"थोड्या गेल्या असतील."

"असतील," बाल्बिना म्हणाली. इतकी वर्षं आपण ज्या शाली समुद्रापार धाडत होतो, त्या इथेच, दोन रस्ते पलीकडे, घडी घालून पडून होत्या. तिला रडू आलं नाही, फार थकल्यासारखं मात्र वाटलं. चार पायांच्या देईन, एवढं सांगून तिने ओदेतला वाटेला लावलं.

आणि तिने शब्द पाळला. प्रत्येक मगरीच्या चौथ्या पायाशी तिचा हात अडायचा, लाल धाग्यावर बोट टेकून ती क्षणभर बसायची, मग पुढची ओळ ठोकायची. बाजूच्या बायकांना ते दिसत होतं.

सोहळ्याच्या दिवशी शेजारच्या तोमेने टीव्ही अंगणात आणला. आळी गोळा झाली. कुणाचा पोरगा आता मलेशियात कामाला जाणार, कुणाची कॉफी थेट सिंगापूरला, असे मनातले मांडे चालले होते. बाल्बिना चटईच्या कडेला बसली होती. मंत्री रांगेत उभे होते, गळ्यागळ्यांत तिच्या नव्या कोऱ्या शाली, चार पायांच्या, शहाण्यासारख्या.

शेवटचा पाहुणा इंडोनेशियाचा. ओदेतने त्याच्यापुढे धरलेली शाल बाकीच्यांसारखी चकाकत नव्हती. तिचा लाल रंग विटला होता, कपाटातल्या घड्यांच्या रेघा उठल्या होत्या. गळ्यात घातल्यावर ओदेतने तिचं टोक सारखं केलं, पुन्हा सारखं केलं, मगर नीट समोर येईपर्यंत. कॅमेरा तिथेच थांबून होता. पाचवा पाय स्पष्ट दिसत होता.

"तोमे," बाल्बिनाने हळूच विचारलं, "हे तिकडेही दिसतंय का रे?"

"सगळीकडे दिसतंय, तिया. आत्ता, या घटकेला."

बाल्बिनाने कपाळावरचे केस मागे सारले, ब्लाउजचं वरचं बटण लावलं आणि ती टीव्हीकडे तोंड करून ताठ बसली.