दोन नावांचं धान्य

तेजश्रीचा आणि माझा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं, पण आमच्या रेशनकार्डावर ती अजून नांदतच होती. कार्डावर चार नावं: आई, मी, तेजश्री आणि आमची सायली. मायलेकी राहायच्या आष्टीला, तेजश्रीच्या भावाकडे, आणि त्यांच्या वाट्याचे दहा किलो गहू-तांदूळ दर महिन्याला यायचे शिरूरला, आमच्या डब्यात. दुकानातल्या मशीनवर मी एकट्यानं अंगठा लावला की चौघांचं धान्य मिळायचं.

तेजश्रीला हवा होता फक्त नाव कमी केल्याचा दाखला. त्याशिवाय तिचं वेगळं कार्ड निघत नव्हतं. मी तहसीलला जाऊन एक अर्ज द्यायचा, एवढंच काम. पण तिचा फोन आला की मी कधी साहेबांना रजेवर पाठवायचो, कधी सर्व्हर बंद पाडायचो.

खरं सांगतो, मला त्या धान्याची गरज नव्हती. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायर पुन्हा भरून द्यायचं माझं दुकान बरं चालतं. कोर्टानं तीन हजार पोटगी लावली, त्याचा राग होता आणि तो मी असा किलोकिलोनं वसूल करत होतो. लाज वाटायची, नाही असं नाही. तरी धान्य आलं की पिशव्या घेऊन मीच रांगेत पुढं.

एकदा आईला विचारलं, "काढून टाकू का गं तिचं नाव?"

"सोडचिठ्ठी तिला दिली, धान्याला दिली का?" आई म्हणाली. मलाही तेच ऐकायचं होतं.

कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणे सायली दुसऱ्या रविवारी आमच्याकडे येते. आठ वर्षांची आहे. एरवी एक पोळी खाऊन ताट सरकवणारी पोरगी, पण त्या रविवारी तिनं चार खाऊन पाचवीला हात पुढं केला.

"मामाकडं जेवाया देत न्हाईत का गं?" आईनं टोमणा मारलाच.

"देतेत की. पण मामी पोळ्या मोजती," सायली सहज म्हणाली. "मम्मी म्हणली, पप्पाकडं लाजू नको, पोटभर खा. तिथं आपल्या दोघींच्या नावाचं धान्य येतंय."

आईचा हात परातीतच थांबला. तेजश्रीला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती दर वेळी माझा सर्व्हर ऐकून घेत होती. मला तोंड वर करवेना.

सायलीनं दप्तरातून रिकामा डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

"पप्पा, मम्मीच्या वाट्याच्या दोन पोळ्या बांधून देता का?"

आईनं डबा भरला. मी उठून कपाटातून रेशनकार्ड काढलं, चप्पल पायात सरकवली आणि दारातच थांबलो. रविवार होता. आज तहसील खरंच बंद होतं.