किन्हीराजाचं लुगडं

तुळसाबाई पहाटेच गेली, पण दिवस माथ्यावर आला तरी तिला उचलता येत नव्हतं. बाईमाणसाच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिरडी हलवायची नाही, अशी रीत. ही रीत ज्या कोणी काढली त्याला भावाच्या दारात कधी उभं राहावं लागलं नसणार, असं गोजराला त्या दिवशी वाटलं. जिवंतपणी माहेराची वाट पाहायची, आणि मेल्यावर अंगणात पडूनही तेच करायचं.

गोजरा म्हणजे तुळसाबाईची नात, मारोतरावाची मुलगी. नवरा पटकीने गेल्यावर ती बापाच्या घरी परत आली आणि आजीच्या खाटेशेजारी वाकळ टाकून राहू लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. त्या घरात तिला 'जेवली का?' विचारणारं एकच माणूस होतं, आणि ते आता अंगणात घोंगडीवर आडवं होतं.

बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. रडता रडता, ज्याची वाट पाहणं चाललं होतं त्याचंच कौतुक करत होत्या.

"भाऊ असावा तं असा. इतकी वर्सं झाली, दिवाईचं लुगडं कधी चुकलं नाही."

"सोता येनं जमलं नाही त्याले, पन धाडल्याबिगर राह्यला नाही."

गोजरा ऐकत होती. किन्हीराजाहून, म्हणजे तुळसाबाईच्या माहेरगावाहून, या घरात लुगडं तर सोडाच, लुगड्याची चिंधीही कधी आली नव्हती. हे साऱ्या गावात एकट्या गोजराला ठाऊक होतं.

त्याचं मूळ संवत छप्पनच्या, चाळीसेक वर्षांमागच्या दुष्काळात होतं. तुळसाबाई तेव्हा ऐन उमेदीत होती. घरातली जवारी संपली, लेकरं बाभळीच्या शेंगा खाऊन हगवणीने बेजार झाली. सासू म्हणाली, "तुहं माहेर खातंपितं हाये म्हनते ना? जाय मंग, घेऊन ये." दोन लेकरं घेऊन ती चालत किन्हीराजाला गेली. तिचा भाऊ दौलतराव नुकताच घरचा कर्ता झाला होता आणि त्याचं धान्याचं पेव तोंडापर्यंत भरलेलं होतं. त्याने दार किलकिलं करून बहिणीला पाहिलं आणि म्हणाला, "आमचंच आमाले नाही पुरून राह्यलं. दिल्या घरी सुखी राह्य, तुळसे." मग आतून कडी लागली. त्या कडीचा आवाज तुळसाबाई म्हातारपणीही जीभ टाळूला मारून काढून दाखवायची, आणि दाखवून स्वतःच खो खो हसायची. गोजराला त्या हसण्याचं फार भय वाटे.

परतीच्या वाटेवर तिने हातातले चांदीचे गोट मालेगावात विकले, दुष्काळात मिळेल त्या भावाने, आणि त्याची जवारी आणून सासूपुढे ओतली. "भावानं देली." गोट कुठे गेले? "वाटंत चोरानं काढून घेतले." गोटांपायी सासूने तिला बडव बडव बडवलं, पण माहेरावरून तोंड उघडायला म्हातारीला जागा राहिली नाही. धाकटं लेकरू त्या उन्हाळ्यात गेलंच. मारोतराव तेवढा वाचला.

एकदा खोट्याचं बी पेरलं की त्याला दरसाल पाणी घालावं लागतं. दिवाळी आली, थोरल्या जावांच्या माहेरची लुगडी आली. ज्या भावाने दुष्काळात जवारी दिली तो सुकाळात लुगडं देणार नाही, हे कोणाला पटलं असतं? तुळसाबाईने कापूसवेचणीतला आपला वाटा जपून ठेवला आणि तो विकून स्वतःच लुगडं आणलं. मालेगावचा बाजार जवळ होता, पण तिथे किन्हीराजाची माणसं भेटायची. म्हणून ती लांबचं केनवड गाठी. तिथल्या कापडवाल्या अन्सारने, आणि त्याच्याआधी त्याच्या बापाने, 'कोणासाठी?' असं तिला कधी विचारलं नाही.

मानमोडीच्या साथीत गाव ओस पडलं तेव्हा घरोघरी पाण्याचा घडा नेऊन ठेवणारी हीच बाई. नवरा गेल्यावर एकटीने शेत सांभाळणारी, पोराचं लग्न करणारी, नात परत आली तेव्हा एका शब्दाने न विचारता वाकळ पसरणारी हीच. पण गावात तिचं नाव निघालं की लोक भावाबद्दल बोलत.

गुडघे गेल्यावर ती गोजराला केनवडला घेऊन जाऊ लागली, तेव्हा नातीला सारं कळलं. गोजरा भर रस्त्यात संतापली होती. "त्या मानसाले फुकटचं नाव कायले देऊन राह्यली तू, आजी?"

"त्याले नाही देत, पोरी. माह्या पाठीले आधार देऊन राह्यली. बाईच्या मागं कोनी नाही असं दिसलं, का गावचं कुत्रंई तिच्यावर भुकते." मग थोडं चालून थांबून म्हणाली, "मी मेल्यावर तं माहेरचं पाह्यजेनच. पेटीत एक कोरं ठेवलं हाये. ते किन्हीराजाहून आलं म्हन. माही झाकली मूठ उघडू देऊ नको."

ते लुगडं आता गोजराच्या काखेत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. पण बापाने तिला न विचारताच पहाटे घरच्या गड्याला, खेमाला, किन्हीराजाला धाडलं होतं. खेमा परत येणार आणि साऱ्या बायांपुढे सांगणार, की तिथे कोणी दार उघडलं नाही. या एका भीतीने तिला धड रडताही येत नव्हतं.

दुपार टळली आणि फाटकाशी बैलांची दमणी थांबली. पांढरं पागोटं, हातात काठी, खेमाच्या खांद्याचा आधार. दौलतराव स्वतः आला होता, आणि हात हलवत आला होता.

पहिली उठली मनकर्णाबाई. ही तुळसाबाईची धाकटी जाऊ, शेजारच्या घरात राहणारी. दिवाळीला लुगडं आलं की सर्वांत आधी हात लावून पाहायला हीच यायची, आणि तिची ती चौकशी गोजराला काट्यासारखी सलायची. तिने म्हाताऱ्याचे पाय धरले. "दादा, तुमचा हात धरनारा भाऊ नाही पाह्यला. मागच्या दिवाईचं लुगडं तं काय सुरेख होतं! कुठून घेतलं होतं?"

"लुगडं?" दौलतराव गोंधळला. "कोन्तं लुग..."

"आबा, दमनीतलं गाठोडं मी उतरवून घेतलं," गोजरा मोठ्याने म्हणाली आणि चादर उलगडून निळं, तांबड्या काठाचं लुगडं तिने त्याच्या हातावर ठेवलं.

म्हाताऱ्याने लुगड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. तो समजला. गोजराला वाटलं, आता याची मान खाली जाईल. एवढंच तिला हवं होतं. पण तो नुसता सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. त्याने लुगडं झटकून उलगडलं, बहिणीच्या अंगावर घातलं आणि हंबरडा फोडला. रडणं खरं होतं. गोजराला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. बायांनी डोळे पुसले, आणि तुळसाबाई मानाने गेली.

संध्याकाळी सुतकाची पिठलंभाकर झाली. दौलतराव पोटभर जेवला आणि ओसरीवर टेकून सुस्कारा टाकून म्हणाला, "आता दिवाई आली का जीवाले कसंतरी होईन. कोनाले धाडू लुगडं?"

गोजराने हातातला घास ताटात परत टाकला. आपलं खोटं त्या माणसाने एका दुपारीत खरं करून गिळलं होतं.

"कोनाले म्हंजे?" मनकर्णाबाई दारातून म्हणाली. "हे गोजरा हाये ना. आजीचा मान नातीले धाडत जा. आमी पाहू ना, येते का नाही."

"धाडीन!" म्हातारा सर्वांपुढे म्हणाला. "शबूद देला."

गोजराने मनकर्णाबाईकडे पाहिलं. म्हातारीला वास लागलाय, ती आपल्याला जोखते आहे, याबद्दल तिला आता शंका उरली नाही.

दिवाळी आली. लढाईचे दिवस, कापडावर सरकारचा कंट्रोल, साधं धोतर मिळायची मारामार. किन्हीराजाहून काही येणार नाही हे गोजराला पक्कं माहीत होतं. तरी ती रस्त्याकडे पाहायची, आणि स्वतःवरच चिडायची. मनकर्णाबाई रोज कुडावरून डोकवायची, "आलं का वं लुगडं?"

नाही आलं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आधी तरी येत होतं का? भाऊबीज तोंडावर आली तेव्हा गोजराने आपल्या पहिल्या वेच्याचा कापूस डोक्यावर घेतला आणि पहाटेच केनवडची वाट धरली. ज्या माणसाच्या नावाने तिला थुंकावंसं वाटे, त्याचंच नाव राखायला ती निघाली होती. वाटभर ती त्याला शिव्या घालत गेली, आणि एकदोन आजीलाही घातल्या.

अन्सारने तिला पाहिलं आणि पेटीमागून घडी काढली. "तुळसाबाईचं हाये. कंट्रोलात गेलं असतं, म्हनून मागं दाबून ठेवलं होतं." गोजराने मान खाली घालून ते घेतलं.

भाऊबीजेला सकाळीच मनकर्णाबाई येऊन बसली. गोजराने लुगडं तिच्यापुढे टाकलं. घे, पाहून घे, असा तिचा आविर्भाव होता. म्हातारीने ते मांडीवर घेतलं, काठावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"मले वाटलं होतं, आता तरी बंद होईन," ती म्हणाली. "माह्या भावायनं साधी चोळी नाही धाडली, गोजरे. लगन झाल्यापासून एकडावबी नाही. मी आपली ट्रंकेतलं जुनंच काढून नेसो. दरसाल तुह्या आजीचं लुगडं पाह्यलं, का घरात जाऊन रडो. वाटे, तिच्या भावाले जमते, तं माह्यातच काही खोट असन." पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "खरंच त्यानंच धाडलं ना वं?"

म्हणजे ही वास काढत नव्हती. ही इतकी वर्षं जळत होती, आणि जाळणारी तुळसाबाई होती. 'तिलाही कोणी धाडत नव्हतं, लहाने आजी,' एवढं एकच वाक्य गोजराच्या ओठांवर आलं. ते बोललं असतं, तर या म्हातारीच्या जिवाला थोडा थंडावा मिळाला असता. मग आजीची मूठ उघडी पडली असती, आणि सांजेपर्यंत गावभर झाली असती.

गोजराने तिच्या मांडीवरून लुगडं उचललं आणि घडी नीट केली.

"हो न, लहाने आजी," ती म्हणाली. "आबाचं मन लई मोठं हाये."