थांबलेली कळ

किरणबाबाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून माणसं जिन्यावर बसली होती. प्रत्येकाच्या पोटात खडा आणि हातात लघवीचा पेला. बाबा हातातल्या काडीतून लाल उजेडाचा ठिपका दुखऱ्या कुशीवर फिरवायचा, मग बोटाने पेला ढवळायचा. थोड्या वेळाने तळाशी पांढरा भुगा बसायचा. अख्खा जिना हात जोडायचा. तसली काडी वह्या-पेनांच्या दुकानात मिळते, पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं.

पुढच्या खुर्चीवर टॅक्सीवाला बसायचा. बाबाचा चालताबोलता पुरावा. त्याचा खडा मूत्रनळीत अडकला होता. कळ आली की गाडी कडेला लावून तो स्टिअरिंगवर डोकं टेकायचा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावलं होतं. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालून लेसर मारायचा. एका लेसरने खड्याचे तुकडे पाडायचे आणि चिमट्याने ओढून काढायचे. दुसरा पिठासारखा भुगा करतो, तो बराचसा लघवीवाटे निघून जातो. दोन्हींत थोडं डावं-उजवं आहे, कुठलाही निवडा, पण थांबू नका, असं त्या म्हणाल्या होत्या.

टॅक्सीवाल्याकडून ऐकून बाबाने तेच भाषण उचललं. "हॉस्पिटलातला एक लेसर सुताराची पटाशी, दुसरा रंधा," तो म्हणायचा. "दोघांनाही आत शिरावं लागतं. माझा किरण बाहेरूनच पीठ पाडतो. नळी नाही, लाज नाही."

लाज नाही म्हटल्यावर टॅक्सीवाला विरघळला. आणि खरंच, काही आठवड्यांत त्याची कळ थांबली.

त्याच्या बायकोला मात्र ते पटेना. ती घरी कपडे शिवायची, नवऱ्याचे ढगळ होत चाललेले शर्ट तिलाच आत घ्यावे लागत होते. संध्याकाळी त्याला कसकस यायची. पुन्हा तपासून घेऊ म्हटलं, की तो तिला चारचौघांत झापायचा. शेवटी तीच डॉक्टरीणबाईंना बाबाच्या खोलीवर घेऊन आली. टॅक्सीवाल्याने त्यांना ओळखलं आणि तो मनातून खूश झाला. आता बघू दे म्हणावं.

डॉक्टरीणबाईंनी पेला पुढे केला. बाबाने ठिपका फिरवला, बोट बुडवलं. भुगा बसला.

"मोठा खडा होता, ताई. गेला."

"पेल्यात नळाचं पाणी आहे," त्या म्हणाल्या आणि त्याचं मनगट धरून बोट जिन्याकडे वळवलं. लांब नखाखाली खडूची पूड ठासून भरलेली होती.

टॅक्सीवाला उठला.

"पण डॉक्टर, माझं दुखणं थांबलं, ते तर खरं ना?"

"बाहेर बोलू या."

"इथेच सांगा. सगळ्यांना कळू दे."

त्यांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"खडा वाट अडवून बसला की लघवी मागे तुंबते. मूत्रपिंड काही काळ ओरडतं. मग कधी कधी मरतं. मेलेलं ओरडत नाही."

तपासणीत तेच निघालं. खडा जागच्या जागी होता आणि त्या बाजूचं मूत्रपिंड पू धरलेली पिशवी झालं होतं. ते काढून टाकावं लागलं. आता त्याच्यासाठी कुठला लेसर चांगला, हा प्रश्नच उरला नाही. बाबा त्याच दिवशी खोली सोडून गेला. जिन्यावरच्या कित्येकांना राग आला तो डॉक्टरीणबाईंचा.

म्हणून सांगतो. दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं समजू नका. खडा गेला की नाही, ते तपासणीला विचारा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचा हात धरून बघा.