ग्रहणातला दुधी

सुनेच्या माहेरी, राहू गावात एसटीतून उतरताच पोपट गुरुजींना वाटलं, याच गाडीनं माघारी वडगाव रासाईला जावं. बायकोला, ताईबाईला सांगता येईल, सून येत नाही म्हणाली. पण खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे, आणि ताईबाई आधी कानच बघायची.

तान्हं बाळ गेल्यावर सीमा माहेरी आली होती. महिना झाला तरी परतली नव्हती. विनोद कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी संपवून बायकोला न्यायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ती एवढंच म्हणाली, "मला आबांच्या समोर यायचं न्हाई."

गुरुजींना त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आपलं तोंड तिनं का बघावं?

गेल्या ऑगस्टात सूर्यग्रहण झालं होतं. सीमाला तेव्हा तिसरा महिना. गावातल्या पोटुशा बाया दारं लावून बसलेल्या. ग्रहणात काही चिरलं की पोटातल्या बाळाचा ओठ चिरतो म्हणतात. गुरुजींनी मुद्दाम बाजारातून दुधी आणला, विळीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "सीमा, आपण बुद्धाची माणसं. ग्रहण म्हणजे नुसती सावली. आजच चीर हा. भिऊ नको." शाळेच्या वर्गाबाहेर त्यांनी कुणाला कधी हुकूम सोडला नव्हता, तेवढा हा एक. मग ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. रात्री दुधीची भाजी दोनदा मागून घेतली. पुढच्या रविवारी तर विहारात, चार वाक्यं बोलताना घाम फुटणारा हा माणूस चक्क उभा राहिला. "माझ्या सुनेनं ग्रहणात दुधी चिरला!" टाळ्या पडल्या.

फेब्रुवारीत मुलगा झाला. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळू उघडा, काळजाला भोक. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, ओठ दुसऱ्या महिन्यातच घडतो, यात घरच्या कुणाचा दोष नसतो. गुरुजींनी मान डोलावली. महिनेही मोजून पाहिले. पण डोक्याला पटलेलं काळजात उतरेना. बाळाला अंगावर ओढता येत नव्हतं. ताईबाई बोंडल्यानं थेंब थेंब दूध घालायची, अर्धं नाकातून परत यायचं. पंधरवड्यानं ते गेलं. बारसंही झालं नव्हतं. भीमेच्या काठाला पुरलं.

आणि मग पिठाच्या गिरणीवर हौशीराम म्हणाला, "गुरुजी, दुधी चिराया लावला, आन् काय चिरलं बगा." सीमा तिथंच दळणाचा डबा घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ती राहूला निघून गेली.

आता ती अंगणात गहू पाखडत होती. सासऱ्यांना पाहून तिनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सूप हातात घेतलं. नजर काही वर केली नाही. एसटीत जुळवलेलं सगळं गुरुजी विसरले.

"पोरी, चुकलं माझं. तुला दुधी चिरायला लावायला नको होता."

सूप थांबलं.

"आबा, म्या चिरला न्हाई."

"आं?"

"आत्याबाईंनी चिरला. मला आतल्या खोलीत पोत्यांमागं बसवलं, खिडकीला गोधडी लावली. घोटभर पाणीबी दिलं न्हाई. ग्रहाण सुटल्यावर अंघूळ घातली. तुमी ओट्यावर वाचत व्हता."

"मग मी विहारात उभा राहिलो तेव्हा..."

"तुमी समद्यांसमोर माझं नाव घेतलं. लोकं टाळ्या वाजवाय लागली. तवा काय बोलू?" तिनं सूप खाली ठेवलं. "रोज तुमच्यासंगं शील म्हणायची, खोटं बोलणार न्हाई. आन् पोटात हे खोटं. म्हणूनच त्याला तोंड धड मिळालं न्हाई, आबा. माझ्या खोट्यापायी."

गुरुजींना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटण्याचीच लाज वाटली. ही पोर महिनाभर हे घेऊन बसली होती आणि आपण आपल्याच अपराधाला कुरवाळत होतो.

"ग्रहण पाळलंस? पुरतं?"

"पुरतं."

"तरी असं झालं."

"तरी."

"म्हणजे ग्रहणानं नाही. आणि तुझ्या खोट्यानंही नाही. खोट्यानं असं होत असतं, तर आपल्या गावात एक तोंड धड राहिलं नसतं. हौशीरामचं तर नाहीच."

सीमा फिसकन हसली. आणि त्या हसण्यातूनच तिला रडू फुटलं, महिन्याभराचं. गुरुजींना अशा वेळी काय करावं ते कधीच कळायचं नाही. ते खाली बसून सुपातले खडे वेचत राहिले.

रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "त्या ओठानं हसायचा, आबा. बघणाऱ्याला भ्या वाटायचं. मला कवाच वाटलं न्हाई."

"नाव काय ठेवणार होतीस?"

"सम्राट."

गुरुजींनी ते पुटपुटून पाहिलं. "रविवारी विहारात त्याच्यासाठी वंदना घेऊ, पुण्यानुमोदन करू. नाव घेऊन. आणि दुधीचंही सांगून टाकतो."

"नगा आबा. गुरुजींच्याच घरात ग्रहाण पाळत्यात म्हणून हसतील तुमाला."

"हसू देत. तुला तर कुणी बोलणार नाही."

सीमानं सूप भिंतीला टेकवलं आणि पिशवी भरायला आत गेली.

रविवारी गुरुजी उभे राहिले तेव्हा बोलण्याआधीच त्यांचे कान लाल झाले होते. "माझा नातू सम्राट," एवढं मात्र त्यांनी मोठ्यानं म्हटलं. मग थांबत, अडखळत दुधी सांगितला, गोधडी सांगितली, पोत्यांमागची सून सांगितली. "ग्रहण पाळलं होतं. तरी बाळ गेलं. माझ्या सुनेला कुणी काही म्हणू नका."

मागून हौशीराम खुसखुसला.

"हसतो काय रं?" बायांच्या रांगेतून ताईबाई कडाडली. "म्या चिरला दुधी. आन् ह्यांनी दोनदा मागून खाल्ला!"

सगळं विहार हसलं. गुरुजीही हसले, चष्मा पुसला आणि हात जोडून पंचशील सुरू केलं. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला त्यांचा आवाज जरा अडकला. तेवढ्यात ताईबाईच्या शेजारून सीमाचा आवाज आला, आणि गुरुजी त्याच्यामागून म्हणू लागले.