एक सोडून एक ओळ

बसस्टँडवरची बाई बदलली आहे, हे मला सोमवारीच कळलं. दुकानातून घरी जायचा माझा सरळ रस्ता पोस्टावरून आहे, सहा मिनिटांचा. मी मात्र बसस्टँडला वळसा घालून जायची, त्याला चांगली वीस मिनिटं लागायची. कुणी विचारलंच तर तेवढंच चालणं होतं म्हणून सांगायची. एवढी चालतेस तर वजन कुठे कमी होतंय, असं आमचे हे एकदा म्हणाले होते. तुमचं तुम्ही बघा म्हटलं.

खरं कारण असं, की बसस्टँडच्या भोंग्यातून गाड्यांची घोषणा करायची ती माझी थोरली बहीण. अठ्ठावीस वर्षं. फलाट क्रमांक, गाडीचा नंबर, सुटायची वेळ. आणि चार वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. म्हणजे ती माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याशी. पण भोंग्यातून ती सगळ्या गावाशी बोलायची, त्यात मी आलेच ना! कठड्याशी दोन गाड्यांपुरती उभी राहायची, आज सर्दी झाली आहे का, दमली आहे का, एवढं आवाजावरून कळलं की घरी यायची.

सोमवारी भोंग्यातून भलतीच एक पोरगी बोलत होती, आणि 'क्रमांक' म्हणताना दर वेळी अडखळत होती. मंगळवारीही तीच. बुधवारी चौकशीच्या खिडकीत विचारावं म्हणून रांगेत उभी राहिले, पण नंबर आला तेव्हा जीभ रेटेना. सख्ख्या बहिणीची खबर खिडकीतल्या परक्या माणसाला विचारायची म्हणजे काय! शेवटी गाडीची वेळ विचारून परत आले.

गुरुवारी ताईची मुलगी माझ्या शिलाईच्या दुकानात आली. भाची माझ्याकडे येते अधूनमधून, भांडण आमचं आहे, तिचं नाही. पिशवीतून तिनं आईचे दोन गाऊन काढले आणि पुढून उघडे करून हवेत म्हणाली, वरपासून खालपर्यंत बटणं लावून. तीस वर्षं मशीनवर काढली आहेत मी. डोक्यातून घालावे लागणार नाहीत असे कपडे दोनच कारणांनी लागतात. एक तर हात मोडला, नाहीतर मानेचं काही निघालं.

मानेचंच होतं. गळ्यात गाठ. तपासून झाली होती, वाईटातली नव्हती, पण वाढत चालली होती आणि श्वासाला अडायला लागली होती. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, तेव्हा आवाज परत येईल, पण कसा येईल आणि किती येईल ते आज सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे ऐकल्यापासून ताई घरात कुणाशी धड बोलत नव्हती. भाचीनं मोबाइल पुढे धरला, आई काहीतरी बोल, आवाज राहू दे आमच्याजवळ, तर उठून भांडी घासायला गेली म्हणे.

गाऊन माझ्याकडे आणायला तिनंच सांगितलं का, असं मी विचारलं. भाची खाली बघायला लागली. आईला वाटतंय की कोपऱ्यावरच्या टेलरकडे देणार आहे, म्हणाली. माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावरचा! त्याला एक काज सरळ करता येत नाही आणि माझ्या बहिणीच्या गळ्याशी तो कात्री लावणार! मी गाऊन ओढून घेतले आणि म्हटलं, मानेचं माप लागेल. कॉलर टाक्यांना टेकता कामा नये. उद्या येते.

आता भांडणाचं सांगते, म्हणजे रेडिओचंही सांगावं लागेल.

ताई सोळाची आणि मी तेराची असताना दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला रेडिओवर त्या आठवड्याची दहा गाणी लागायची, दहाव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत. तासभर आम्ही दोघी जगाला मेलेल्या असायचो. नुसतं ऐकून भागायचं नाही, गाणं पाठ हवं, आणि गाणं आठवड्यातून एकदाच लागणार. मग लिहून घ्यायचं. पण गाणं पेन्सिलीपेक्षा जोरात पळतं. तेव्हा ताईनं युक्ती काढली: एक ओळ तू लिही, एक मी. तू लिहीत असशील तेव्हा माझी ओळ येईल, मी लिहीत असेन तेव्हा तुझी. प्रत्येकीची वही वेगळी, आणि दुसरीच्या ओळीसाठी मध्ये एक ओळ कोरी सोडायची.

पहिली ओळ मी मागून घेतली. धाकटी म्हणून नाही, आळशी म्हणून. पहिली ओळ फिरून फिरून येते, एकदा लिहिली की काम झालं. मधल्या अवघड ओळी ताईच्या गळ्यात पडल्या. पुढे दोन्ही वह्या एकत्र करून नीट उतरवायच्या असं ठरलं होतं, ते आजतागायत ठरलेलंच आहे. कारण तशी गरजच पडली नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी माझी ओळ म्हणायची की तिची ओळ आलीच. दोघी मिळून एक गाणं येत होतं, मग पाठ कशाला करा?

याचा परिणाम असा, की आज बावन्नाव्या वर्षीही मला एकही गाणं पुरतं येत नाही. मशीनवर गुणगुणते ती एक ओळ, मग तेवढाच वेळ गप्प, मग तिसरी ओळ. शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे काका म्हणतात, बाई, तुमच्या गाण्याची बॅटरी उतरली आहे, बदलून देऊ का? भाचीनं एकदा मोबाइलवर त्यातलं एक गाणं शोधून लावून दिलं होतं, अख्खं. मूळ गायिकेनं पहिली ओळ म्हटली, दुसरीही म्हटली, आणि मला रागच आला. तिला कुणी सांगितलं होतं दुसरी म्हणायला? बंद कर म्हटलं.

तर त्या वह्या. आमच्या बाबांना रेडिओ चालायचा, पण वहीत गाणी उतरवलेली सापडली तर अभ्यासाच्या नावानं घर डोक्यावर घेत. म्हणून रेडिओच्या मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा सैल करून आम्ही वह्या आत सरकवायचो. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी माझी काढून घेतली. ताईनं तिची केव्हाच काढली असेल असं मी धरून चालले. आई गेल्यावर घर रिकामं करायचं काम माझ्यावर आलं, ताईला सुट्टी मिळत नव्हती. रेडिओ बारा वर्षं मुका होता. भंगारवाल्याला दिला.

तिसऱ्या दिवशी ताई आली आणि रेडिओ कुठे आहे विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझी वही आत होती. तुला ठाऊक होतं ना?" चूक माझी होती, तेव्हाच तसं म्हणायला हवं होतं. पण मी दमले होते आणि आई जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते. मी म्हटलं, एवढी लाडकी होती तर तीस वर्षं काढली का नाहीस? त्यावर ती चपला घालून निघून गेली. मी भंगारवाल्याकडे दोनदा जाऊन आले. तिला ते कधी सांगितलं नाही. सापडली असती तर सांगणार होते.

शुक्रवारी मी मापाची टेप गळ्यात अडकवून ताईच्या दारात उभी राहिले. दार तिनंच उघडलं. मी म्हटलं, माप घ्यायला आलेय. ती बाजूला झाली. खिडकीपाशी खुर्चीत बसली आणि तिनं हनुवटी वर केली. गाठ दिसत होती, सुपारीएवढी. मी टेप मानेभोवती फिरवली, बोटानं सैल धरली. लहानपणी बाहुल्यांचे कपडे शिवताना मी माप सांगायची आणि ताई लिहायची. मी सवयीनं "साडेतेरा" म्हटलं, आणि तिनं सवयीनं शेजारच्या कागदावर लिहिलं. मग दोघीही त्या कागदाकडे बघत राहिलो.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तेव्हाच चुकलं होतं."

ताई उठून आत गेली. मला वाटलं झालं, आता चपला घाला. पण ती एक वही घेऊन बाहेर आली, नवी, निळ्या पुठ्ठ्याची. उघडून माझ्यासमोर धरली. तिचं तेच गोल अक्षर. चार वर्षांत आठवून आठवून तिनं तिच्या सगळ्या ओळी परत लिहून काढल्या होत्या. फक्त तिच्या. माझ्या जागा कोऱ्या होत्या.

"घे. पाठ कर," ती म्हणाली. चार वर्षांनी माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. आवाज जरा दाटलेला, पण तिचाच. "बुधवारनंतर मला म्हणता नाही आल्या, तर तू अर्ध्यावर अडकून बसशील."

मला भडभडून आलं, आणि रडू आलं की मी भांडते, हा माझा जुना रोग आहे. मी म्हटलं, मी नाही पाठ करणार. तुझ्या ओळी तू म्हणायच्या, मी थांबेन. ती म्हणाली, हट्टीपणा करू नकोस, धाकटे. मी वही पिशवीत टाकली, गाऊनची बटणं कुठली हवीत ते विचारलं आणि निघाले. एक ओळ म्हण ना, असं मला म्हणायचं होतं. पण आधीच भाची मोबाइल धरून तिच्या मागे लागली होती. आणखी मी कुठे मागू? शेवटचं म्हणून मागितल्यासारखं झालं असतं. वही मी मशीनच्या खणात ठेवली. उघडली नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. चौथ्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसले होते, गाऊनची कॉलर टाक्यांपासून बरोबर दोन बोटं लांब बसली होती, नर्सनंही कुठून शिवला म्हणून विचारलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी हळू आवाजात आमच्या सगळ्यात लाडक्या गाण्याची पहिली ओळ म्हटली, माझी.

हळूच ये, हळूच ये, कुणाला सांगू नको...

आणि थांबले. ताईनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं परत प्रयत्न केला, मग भिंतीकडे तोंड केलं. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की बस.

त्यानंतर मी तिच्यासमोर गुणगुणणं बंद केलं. दुकानातही बंद. काकांनी विचारलं, बॅटरी संपली वाटतं? मी नुसती मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात ताईला कुजबुज जमायला लागली. पाचव्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली, पण माइकवर नाही, पासाच्या खिडकीत. भोंग्यातली पोरगी आता 'क्रमांक' नीट म्हणते. मी पोस्टावरून घरी जायला लागले.

गेल्या शनिवारी दुपारी ताई दुकानात आली, त्यातला एक गाऊन घेऊन. आता डोक्यातून घालता येतं, बटणं काढून पुढून शिवून टाक, असं तिनं खुणेनं आणि अर्ध्या कुजबुजीनं सांगितलं. मी म्हटलं, बस, हातासरशी देते. ती माझ्या मागे स्टुलावर बसली. मी बटणं काढली, पट्टी उसवली, पिना लावल्या आणि मशीन सुरू केलं. लांब सरळ टीप होती, वरून खालपर्यंत. अशी टीप मारताना माझं डोकं कुठे असतं देव जाणे. तोंडातून ओळ बाहेर पडली तेव्हाच कळलं मला.

हळूच ये, हळूच ये, कुणाला सांगू नको...

मी जीभ चावली. मशीन थांबवलं. मागे वळायची हिंमत होईना, सुईकडेच बघत राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला. जाडाभरडा, खरखरीत, मधेच फाटलेला. एखाद्या दमेकरी बाप्याचा वाटावा असा.

सांगितलंस तरी चालेल, उशीर लावू नको...

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. पण ओळ तिची होती, आणि 'उशीर' लांबवायची ती खोड अख्ख्या जगात एकट्या ताईची आहे. मूळ गायिकासुद्धा तसं म्हणत नाही. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, सुई दिसेना, गाऊन दिसेना. आता तिसरी ओळ. तिसरी माझी. चाळीस वर्षं जी झोपेतही म्हटली असती, ती ओळ मला आठवेचना. मी तोंड उघडून तशीच बसले.

ताईनं थोडी वाट पाहिली. मग तिनं माझ्या पाठीत हलकी चापट मारली.

"म्हण की," ती त्या खरखरीत आवाजात म्हणाली. "तुझी ओळ आहे. मला कुठे येते?"