शेडला साहेबांचं पांघरूण

पावसानं दगा दिला त्या साली तेलगावच्या बाजूला दोनच गोष्टी हिरव्या उरल्या होत्या. एक सिंधुबाईची टँकरवर जगवलेली तुती आणि दुसरी चेअरमन सुंदररावांची आश्वासनं. तुतीला पाणी लागायचं. आश्वासनांचं तसं काही नव्हतं.

सुंदरराव रेशीम सोसायटीचे चेअरमन. सोसायटीची एक लोखंडी शेड होती. पाइपाचा सांगाडा, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. सभासदांनी आळीपाळीनं तिच्यात रेशमाच्या अळ्या पाळायच्या. चांगल्या हवेतल्या पाळ्या चेअरमनच्या भावकीला लागल्या आणि ऐन थंडीतली सिंधुबाईला. याला सहकार म्हणतात. रात्री जाळीतून वारं सुसाट आत शिरायचं, पत्रा गार पडायचा. गारठलेली अळी तुतीचा पाला खात नाही, आणि उपाशी अळी कोष विणत नाही.

दरवर्षी दिवाळी झाली की सिंधुबाई आणि तिचा नवरा कचरू ऊसतोडीला जायचे. या साली पहिल्यांदा त्यांनी मुकादमाला नाही म्हटलं होतं. पोरगी दहावीला होती. तिनं घरातच राहावं, शाळेतून आली की तिला गरम भाकर मिळावी, एवढीच सिंधुबाईची चैन. अळ्या मेल्या तर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसायचं होतं, आणि पोरीलाही दप्तर टाकून सोबत यायचं होतं.

"चेअरमन, शेडला पडदे लावा. थंडी लई हाय," ती सांगून थकली. सुंदररावांनी सभा बोलावली. थंडी पडली आहे, हे सभेत एकमतानं मंजूर झालं. पडद्यांचा विषय पुढच्या सभेवर गेला आणि चहा झाला.

तेवढ्यात साहेबांचा वाढदिवस पार पडला. साहेब म्हणजे सुंदररावांचे नेते. तालुक्यातल्या चौकाचौकांतून उतरवलेले फ्लेक्स सुंदररावांनी टेम्पोत घातले आणि शेडच्या चारी बाजूंनी पाइपांना कचकचून बांधून टाकले. आत दोन कोळशाच्या शेगड्या ठेवल्या. जिकडं बघावं तिकडं साहेब हात जोडून हसत होते. खोटं कशाला बोला, त्या रात्री शेडमध्ये ऊब आली. अळ्या पाला खायला लागल्या, बारीक सर पडावी तसा आवाज येत होता, आणि सिंधुबाई कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सकाळी शेगड्या बाहेर निघाल्या, पण उन्हं चढली तसा पत्रा तापला. आदल्या रात्रीचा कोंदटपणा आतच होता. जाळीतून वारं येत असतं तर प्रश्न नव्हता. फ्लेक्समधून मात्र वाऱ्याची झुळूकही आत येईना. सिंधुबाई पडदे गुंडाळायला लागली, तशी सुंदररावांनी धाव घेतली.

"आवं, काय करायलात? आज साहेब शेड बघायला यायलेत!"

"येऊ द्या की. दुपारी पडदे वर करावंच लागतेत."

"खालून गुंडाळलं की आदी साहेबांचे हात जातेत, मग तोंड जातंय. मागं नुस्तं टक्कल उरतंय. त्यांनी ते बघायचं व्हय?"

"मग कवा येणार?"

"निघालेत."

साहेब निघालेत याचा अर्थ साहेब अंघोळीला गेलेत, हे शेंबडं पोरही सांगेल. दुपार झाली. अळ्यांनी खाणं सोडलं, माना वर करून त्या डोलायला लागल्या. सिंधुबाईला समोर ट्रक दिसला, ट्रकमध्ये बोचकी दिसली, बोचक्यांवर बसलेली पोरगी दिसली. तिनं तुती कापायचा विळा उचलला.

"अगं, साहेब हायेत ते!" कचरू ओरडला.

"आंधळी न्हाई मी."

साहेबांची तोंडं नेमकी अळ्यांच्या रॅकच्या उंचीला होती. तिनं ओठांपासून हनुवटीपर्यंत एक फाडलं, मग दुसरं, मग अख्खी रांग. वारं आरपार गेलं. थोड्या वेळानं अळ्यांनी माना खाली घातल्या, आणि सिंधुबाईला रडू फुटलं.

उन्हं कलली तेव्हा साहेब आले. शेडभर स्वतःची उघडी तोंडं पाहून ते जागीच थांबले. सुंदररावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आत जीव गुदमरत व्हते साहेब," सिंधुबाई म्हणाली. "तुमच्या तोंडातून हवा गेली तवा वाचले."

साहेबांना अशा बोलण्याचा सराव नव्हता, पण फोटोचा होता. त्यांनी अळ्यांसोबत फोटो काढला, तोंडातून हवा सोडायची ही कल्पना आपल्याच डोक्यात कधीची होती असं सांगितलं, आणि जाताना सुंदररावांच्या कानात म्हणाले, "नवे फ्लेक्स पाठवतो. जाड."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो आला. सुंदररावांनी पहिला फ्लेक्स अंगणात उलगडला आणि मायेनं हात फिरवला. "आता इळा चालायचा न्हाई यावर."

सिंधुबाईनं वाकून पाहिलं. "यात तुमीबी हाय व्हय?"

"हाय की! साहेबांच्या शेजारीच." सुंदररावांची छाती फुगली.

"बरं झालं," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्या रॅकला अजून हवा पोचत न्हाई. तुमाला तिथं लावते."