सकाळच्या फाटक्या भाकरी

मित्रांनो, ही गोष्ट १९७२ सालची, दुष्काळातली. मी एक जुनी काथवट आहे. भाकरीचं पीठ ज्यात मळतात ते लाकडी, पसरट भांडं म्हणजे काथवट. तुमच्या घरी आता स्टीलची परात असते, म्हणून सांगावं लागतं.

मिरजगावजवळच्या एका वस्तीवर सुताराने मला बाभळीच्या खोडातून कोरलं. आक्काबाई नवी नवरी होती तेव्हा मी तिच्या चुलीपाशी आले. तिचा हात जड होता. मळताना ती मला भिंतीपर्यंत रेटत न्यायची. पुढे तिच्या मुलाचं, गोरक्षनाथाचं लग्न झालं आणि मालन सून म्हणून घरात आली. मालनच्या हाताला वळण होतं. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. पाहुणे आले की आक्काबाई मुद्दाम तिलाच थापायला बसवायची आणि म्हणायची, "आमच्या सूनबाईची भाकर पातळ, पन कुटं चीर दिसायची न्हाई."

दुष्काळात ज्वारी दिसेनाशी झाली. मिळायचा तो रेशनवरचा लाल मिलो, ज्वारीसारखंच पण परदेशातून आलेलं धान्य. त्याच्या पिठाला चिकटपणा नाही, कडा फाटतात. म्हणून मालनच्या भाकरी बिघडू लागल्या तेव्हा आधी कुणी काही बोललं नाही. मला मात्र कळत होतं. हात माझ्यात असायचे. पहाटे तिची बोटं मिटत नसत, मनगट वाकत नसे. ती हाताच्या कडेने, कधी कोपराने पीठ दाबायची. बोटांची पेरं सुजून गरम झालेली असत, आणि जशी उजव्या हाताची तशीच डाव्याची. उन्हं चांगली वर आली की बोटं हळूहळू सुटायची. संध्याकाळी ती दमलेली असायची, अंगात कणकण असायची, पण भाकरी गोल उतरायची.

इथेच घात झाला. गोरक्षनाथ मिरजगावच्या पेठेत हमाली करायचा. रात्रीची उरलेली भाकरी फडक्यात बांधून तो अंधारातच निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा. त्याच्या वाट्याला कायम संध्याकाळची भाकरी. सकाळच्या भाकरी घेऊन आक्काबाई आणि तिची लेक चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

एका सकाळी आक्काबाईने भाकरी उचलली आणि तिचे तुकडे हातात आले.

"ही भाकर हाय का गवरी?"

"आत्या, हात उघडंना. सकाळचं लई आखडत्यात."

"आन् सांजच्याला बरं उघडत्यात? नवऱ्याच्या ताटात पुनवेचा चांद, आन् सासूच्या फडक्यात भुगा. मला काय डोळं न्हाईत व्हय?"

चांगुणा हसली. "आई, वैनीचं दुखनं माणूस बघून येतं."

मालन पुढची भाकरी थापू लागली. संध्याकाळी बरं का वाटतं, हे तिलाही कळत नव्हतं. खरं दुखणं असतं तर दिवसभर सारखं दुखलं असतं, असं तिलासुद्धा वाटू लागलं होतं. मित्रांनो, मला त्याचंच अजून जास्त वाईट वाटतं.

मग आक्काबाईने बिब्बा तापवून तिच्या दोन्ही मनगटांवर घातला. दुखऱ्या जागी बिब्ब्याच्या तेलाचा चटका द्यायची आमच्याकडे रीतच होती. आक्काबाईने स्वतःच्या गुडघ्यावरही घातला होता. त्यामुळे आपण काही वाईट करतो आहोत असं तिला वाटलंच नाही. मालनची मनगटं फोडांनी भरली, पिकली. तशाच हातांनी ती माझ्यात पीठ मळत राहिली.

एका संध्याकाळी गोरक्षनाथ जेवायला बसला असताना आक्काबाईने विषय काढला. "हिला माहेरी धाड. खोड मोडल्याबिगर आनू नको."

गोरक्षनाथाने ताटातली भाकरी उचलून पाहिली. "भाकर तर चांगली हाय की."

"त्येच म्हनते मी."

मालन चुलीपाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अवो, एक दिस सकाळी थांबा. उजाडल्यावर माजं हात बघा, मंग काय ती शिक्षा करा."

"दुष्काळात खाडा करू? पेठंत मानसं रांग लावून हुबी हायेत," गोरक्षनाथ म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशीही तो अंधारातच गेला. त्या आठवड्यात मालनचा भाऊ कानिफनाथ येऊन तिला घेऊन गेला.

बऱ्याच महिन्यांनी कानिफनाथ एकटाच आला. त्याने मालनला नगरच्या दवाखान्यात नेलं होतं. "डाक्टरनं पयलंच इचारलं, सकाळी हात किती येळ आखडत्यात? ती तिथंच रडाया लागली. तवर तिला सकाळचं कुनी इचारलंच नव्हतं." डॉक्टरांनी या दुखण्याला आमवात म्हटलं होतं. अंगाची राखण करणारी ताकदच चुकून सांध्यांवर उठते, राखणीच्या कुत्र्याने घरच्यांनाच चावावं तशी. सकाळी आखडणं, दोन्ही हातांना सारखी सूज, थकवा, कणकण, ही त्याची लक्षणं. औषधाने दुखणं कमी होईल, पण वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत.

"आता तरी तिला न्या," कानिफनाथ म्हणाला.

"वाकड्या बोटाची सून आनून मी काय करू?" आक्काबाई म्हणाली. गोरक्षनाथ उठून गोठ्याकडे गेला.

मित्रांनो, एवढंच सांगते. कुणी म्हणालं की मला सकाळी दुखतं, तर त्याला सकाळी जाऊन बघा. संध्याकाळी बघून खोटं ठरवू नका.

पुढे गोरक्षनाथाने केशरबाईशी दुसरं लग्न केलं. ती आली तेव्हा पितळी परात घेऊन आली, आणि मी गोठ्यात गेले. माझ्यात पेंड भिजवायला लागले. नंतर मला चीर पडली आणि तेही संपलं. मालनने दुखण्याचं सोंग केलं होतं, असं आक्काबाई मरेपर्यंत सांगत होती. चांगुणा देवळाली प्रवरेला दिली. एकदा ती मालनला भेटून आली आणि गोठ्याच्या दारात केशरबाईशी बोलत बसली, म्हणून मला कळलं. मालन माहेरीच राहिली. तिची बोटं करंगळीकडे कलली ती कायमची. तिथे सकाळच्या भाकरी तिची भावजय थापायची, आणि उन्हं वर येईपर्यंत मालनला कुणी हाक मारत नसे.